दुघऱ्याची जट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नाव विचाराल तर मला सांगता येणार नाही. आणि खरं सांगू का, या गोष्टीत राजाचं काही कामही नाही. काम आहे ते एका कुत्र्याचं. तेव्हा कुत्र्याची गोष्ट ऐकायला ज्यांना कमीपणा वाटत असेल त्यांनी आत्ताच उठावं. बाकीच्यांनी जरा पुढे सरकावं.

राज्याच्या एका टोकाला, ओढ्याच्या काठी, एक गाव होतं. तिथे सुभाना नावाचा दोर वळणारा राहायचा. गुरांची दावी, बैलांचे कासरे, विहिरीची चऱ्हाटं, सगळं त्याच्या हातचं. आता दोर वळायला माणसं लागतात दोन. एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्याने टोक धरून बसायचं. दुसऱ्या टोकाला कोणी असलं म्हणजे दोर सरळ येतो. सुभानाच्या दोराचं दुसरं टोक त्याची बायको गौरा धरायची. ती वारली आणि सुभानाने ते टोक खुंटीला बांधलं. काम चालू राहिलं. बोलणं मात्र थांबलं. गाव म्हणायचं, सुभानाची जीभ गौराबरोबरच गेली.

एकदा तो राजवाड्यातल्या विहिरीचा दोर पोचवायला गेला. दोर उतरवून निघाला, तर मागच्या दारात एक दासी उभी. तिच्या ओंजळीत केसांचा एक पुंजका होता, आणि तो पुंजका जांभई देत होता.

"घेऊन जा याला," दासी म्हणाली. "राणीसाहेबांची मांडीवरची कुत्री आहे ना, डोंगरापलीकडच्या व्यापाऱ्याने आणलेली, रेशमासारख्या केसांची? तिने गडाखाली उतरलेल्या धनगराच्या कुत्र्याशी सूत जमवलं. तो बुटका, पण लांडग्याला न भिणारा. त्यांचं हे शेवटचं पिल्लू. राणीसाहेब म्हणतात, हे वाड्यात शोभत नाही. धनगर म्हणतो, एवढंसं पोर मेंढरं काय राखणार. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत झालीय बिचाऱ्याची."

सुभानाने काही न बोलता हात पुढे केले. पिल्लू त्याच्या हातात आलं आणि लगेच अंगठा चघळायला लागलं.

"एक ऐक," दासी म्हणाली. "याला भाकरी दुधात कुस्करून दे, गोडधोड देऊ नकोस. कान कोरडे ठेव. एकटं टाकू नकोस, ही जात एकटेपणाने झुरते. आणि मुख्य म्हणजे रोज फणी. याला छाती बापाची मिळालीय आणि केस आईचे. छातीला भाकरी दे, केसाला फणी दे. यातलं एक चुकलं तरी हा जगायचा नाही."

दोन घरचा म्हणून त्याचं नाव पडलं दुघऱ्या. मांजरापेक्षा जरासा मोठा, पाय आखूड, तोंडावर एवढे केस की पुढची बाजू कुठली हे शेपूट हलल्याशिवाय कळू नये. पण ऐट अशी, की गावाची राखण जणू यालाच सांगितली आहे. कावळा उडाला की भुंकायचा, पान पडलं की भुंकायचा. थोरल्या बैलाला रस्ता द्यायचा नाही. आणि कोणी मायेने "काय रे" म्हटलं की सगळी पाटीलकी सोडून उताणा पडायचा.

सुभानाकडे फणी होती ती गौराची. तिच्यामागे ती कोनाड्यात तशीच पडली होती, तिला हात लावायची त्याची छाती होत नव्हती. पण केस तर विंचरायला हवेत. दिवेलागणीला तो ओट्यावर बसला आणि त्याने फणी काढली. दुघऱ्या त्याच्या पायाशी एका कुशीवर आडवा झाला. अर्धं अंग विंचरून झालं तशी त्याने स्वतःच कूस बदलली. शेपटीपाशी गुंता ओढला गेला तेव्हा कुईं केलं, आणि सुभानाच्या तोंडून शब्द निघून गेला. "लागलं का रे?"

गौरा गेल्यानंतरचे ते त्याचे पहिले शब्द. मग काय, रोज दिवेलागणीला फणी चालायची आणि तोंडही चालायचं. आज दोराचा वाख कसा निघाला, कोणाच्या गाईने दावं तोडलं, गौरा असती तर काय म्हणाली असती. दुघऱ्या सगळं ऐकून घ्यायचा. दिवसा तो खुंटीपाशी बसायचा, दोराच्या दुसऱ्या टोकाला. आणि गावातली जाणती माणसं सांगत, सुभानाचा दोर पुन्हा पहिल्यासारखा सरळ यायला लागलाय.

असं चांगलं चाललं होतं. मग आश्विनात सुभानाला ताप आला.

साधासुधा नव्हे. दोर वळता वळता तो अंगणातच कोसळला. दुघऱ्या जिवाच्या आकांताने भुंकला, पण पानाला आणि कावळ्याला भुंकणाऱ्याचं ऐकतो कोण? मग तो धावत शेजारच्या ठकूआत्याच्या घरात शिरला. ठकूआत्या म्हणजे वयाने मोठी, मनाने त्याहून मोठी आणि जिभेने सगळ्यात मोठी. ती चुलीपुढे होती. दुघऱ्याने तिचा पदर दातात धरला. तिने फुंकणीने पाठीत एक ठेवून दिली. त्याने पदर सोडला नाही. दुसरी दिली, तरी सोडला नाही. धनगराच्या कुत्र्याचं रक्त ते. शेवटी ठकूआत्या शिव्या देत त्याच्यामागे आली, सुभानाला पाहिलं, आणि शिव्या जागच्या जागी थांबल्या. तिने वैद्य आणला, काढे केले, पोटच्या पोरासारखं सुभानाला जपलं.

सुभाना वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचला नसता, असं वैद्यानेच सांगितलं.

पण या सगळ्या दिवसांत दुघऱ्या बाजेखाली पडून होता. त्याला विंचरायचं कोणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. अंगणातला भुसा, वाखाचे धागे, गवताची कुसळं, सगळं त्या रेशमी केसांत गुंतलं. सुभाना उठून बसला तेव्हा दुघऱ्याच्या दोन्ही कानांमागे, पोटाखाली आणि मानेवर केसांच्या घट्ट गाठी झाल्या होत्या.

त्या सगळ्यांत आधी दिसल्या ठकूआत्याला. तिने दोन्ही हात जोडले.

"सुभाना, अरे, जट आलीय याला," ती म्हणाली. "देवीची जट. उगाच का याने तुझा जीव वाचवला? एवढंसं कुत्रं पदर धरून माणूस ओढून आणतं, ते काय कुत्र्याचं काम आहे? देवी आली होती त्याच्या अंगात."

तुम्हाला ठाऊकच आहे आपल्याकडची समजूत. केस गुंतून जट झाली की ती देवीची. तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. लावली तर देवीचा कोप. माणसाच्या जटेपुढे सारं गाव हात जोडायचं. त्या गावाने कधी लांब केसांचा कुत्रा पाहिला नव्हता, म्हणून कुत्र्याच्या जटेपुढेही जोडले.

सुभाना हळूच म्हणाला, "आत्या, ती दासी म्हणाली होती, रोज विंचरावं लागतं."

"दासीला राणीची कुत्री कळते. तिला देवी कळते का?" आत्या म्हणाली. "जट मोडलीस तर ज्या तापातून उठलास, तोच उलटेल तुझ्यावर."

मरण जवळून पाहिलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जायला भितो. सुभानाने फणी कोनाड्यात ठेवून दिली. भीती होतीच, पण मनात कृतज्ञताही काठोकाठ भरली होती. ज्याने जीव वाचवला त्याच्यासाठी काय करू आणि काय नको, असं त्याला झालं होतं. गाव म्हणालं पूजा कर, तो पूजा करायला तयार झाला.

मग गावचा पाटील पुढे आला. पाटील मोठा मातृभक्त म्हणून प्रसिद्ध. त्याची म्हातारी आई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली. रोज सकाळी न चुकता पाटील तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहायचा, वाकून नमस्कार करायचा आणि मगच कामाला लागायचा. लोक आपल्या पोरांना त्याचा दाखला देत. त्या पाटलाने देवळापुढच्या लिंबाखाली दुघऱ्यासाठी दगडी चौथरा बांधून दिला.

दुघऱ्याला चौथऱ्यावर बसवलं. तो खाली उतरून घरी पळायचा, म्हणून सुभानाने आपल्या हाताने मऊ वाखाचा दोर वळला. देवाला बांधायचं बरं दिसत नाही, म्हणून लोकांनी त्या दोरात झेंडू गुंफला. रोज जटेला हळद-कुंकू लागायचं. अंगावर पाण्याचा अभिषेक व्हायचा, ते पाणी कानात साचून राहायचं. नैवेद्याला गूळ, लाडू, बर्फी. शिवायचं कोणी नाही, कारण देवाला ओवळा हात कसा लावणार? सगळे दुरून हात जोडायचे आणि घरी जायचे. दासीने जे जे करू नकोस म्हणून सांगितलं होतं, ते ते सगळं भक्तिभावाने झालं.

मला त्या लोकांचा राग येत नाही, बरं का. उपकार मानणारी माणसं होती ती. जगात तेवढंही न करणारे पुष्कळ असतात. पण मला दुघऱ्याचं फार वाईट वाटतं.

जटांखाली त्याची कातडी ओढली जायची. पाय टाकला की काखेतली गाठ ताणायची. तो मान झटकायचा, अंग घासायचा, थरथरायचा. लोक म्हणत, बघा, अंगात देवीचं वारं आलं. घंटा आणखी जोरात वाजवत.

आणि रोज दिवेलागणीला सुभाना दर्शनाला यायचा, तेव्हा एक गोष्ट घडायची. दुघऱ्या त्याला पाहून एका कुशीवर आडवा व्हायचा. पाय पसरून, मान जमिनीला टेकून, वाट बघत राहायचा. लोक म्हणत, देवी विसावली. पण सुभानाला ठाऊक होतं तो कशाची वाट बघतोय. त्याचे हात शिवशिवायचे. ते हात आयुष्यभर वाखाचा गुंता सोडवत आलेले. ओला गुंता तसाच ठेवला की आतून कुजतो, हे काय त्याला कळत नव्हतं? हाताला सगळं कळत होतं. पण डोक्यात भीती होती, म्हणून तो हात जोडून उभा राहायचा. थोड्या वेळाने दुघऱ्या स्वतःच कूस बदलायचा, जणू एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूवरही वाट बघायचा. मग उठून बसायचा.

हळूहळू त्याने खाणं सोडलं. लाडवाला मुंग्या लागल्या. मग भुंकणं सोडलं. लिंबाची पानं त्याच्या नाकासमोर पडत आणि तो बघतही नसे. वैद्याने दुरूनच पाहून मान हलवली. ठकूआत्या म्हणाली, "देवी परत निघालीय रे." आणि म्हणता म्हणता तिचेही डोळे भरले, कारण तिचा पदर धरणारा दुघऱ्या तिला आठवला.

त्या संध्याकाळी सुभाना आला तेव्हा दुघऱ्या कुशीवर वळला नाही. त्याच्यात तेवढी ताकदच नव्हती. सुभाना चौथऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात जोडले. दुघऱ्याने मान उचलली. पोटावर सरपटत पुढे आला. त्याने आपलं नाक सुभानाच्या जोडलेल्या तळव्यांच्या मध्ये घातलं आणि ढकललं. हात उघडेनात. त्याने पुन्हा ढकललं. फट पडली तसं त्याने सगळं डोकं त्या फटीत सारलं, आणि दोन तळव्यांच्या मध्ये गाल टेकून डोळे मिटले.

सुभाना ढसाढसा रडला. एवढे दिवस ज्याच्या पाया पडत होतो, त्याला फक्त आपला हात हवा होता.

तो उठला. कमरेची दोर कापायची सुरी काढली आणि झेंडूचा दोर तोडला. लोक ओरडायच्या आत तो दुघऱ्याला छातीशी धरून घराकडे निघाला. मागून ठकूआत्या आली, पाटील आला, देवळापुढची सगळी माणसं आली.

"सुभाना, जट कापू नकोस," पाटील म्हणाला. "कोप होईल. ताप उलटेल."

सुभाना ओट्यावर बसला. कोनाड्यातली फणी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "उलटला तर मला उलटेल, पाटील. ज्याने माझा जीव वाचवला त्याचा जीव माझ्या डोळ्यांदेखत चाललाय, आणि मी नमस्कार करत बसलोय. आता देवीने मला नेलं तरी चालेल. मी तिला सांगेन, आई, तुझ्या लेकराचं दुखत होतं, ते मला बघवेना."

सुभानाने पहिल्या गाठीखाली बोट घातलं, कातडीला लागू नये म्हणून, आणि सुरी बोटावरून हळूच फिरवली. कानामागची जट सुटून त्याच्या मांडीवर पडली. खाली कातडी लालभडक होती. तिला पाणी सुटलं होतं, आणि कडेने टपोरे गोचीड बसले होते.

ठकूआत्या वाकली. जखम नीट पाहिली. मग तिने सावकाश विचारलं, "याला आपण वारं म्हणत होतो होय?"

ती घरात गेली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. मागून आलेल्यांच्या हातातल्या पूजेच्या ताटातली हळद तिने तेलात कालवली. इतके दिवस जटेला लागणारी हळद त्या संध्याकाळी जखमेला लागली. आत्याने दुघऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, सुभाना एकेक गाठ कापत गेला. अगदी अखेरीस शेपटीपाशी थोडेसे चांगले केस उरले होते. त्यांच्यातून त्याने गौराची फणी फिरवली. दुघऱ्याने पाय पसरले आणि स्वतःच कूस बदलली.

सकाळी पाटील मुद्दाम लवकर आला, सुभाना जिवंत आहे का बघायला. सुभाना जिवंत होता, आणि चक्क ठणठणीत होता. ओट्यावर बसून तो दुधात भाकरी कुस्करत होता. दुघऱ्या सोललेल्या कणसासारखा दिसत होता, पण उभा होता. पाटलाला पाहून तो भुंकला. आवाज घोगरा होता, पण भुंकला. पाटलालाच काय, सगळ्या गल्लीला त्या भुंकण्याने बरं वाटलं.

"म्हणजे कोप नाही झाला," पाटील म्हणाला.

"झाला असता, पाटील," ओट्यावर येत ठकूआत्या म्हणाली. "आणखी चार दिवस पूजा केली असती ना, तर नक्की झाला असता."

पाटील हसला नाही. त्याची नजर फणीवर होती. तो तसाच वळून घरी गेला.

त्या दिवशी तो नेहमीसारखा आईच्या उंबऱ्याशी उभा राहिला. हात जोडले. मग, किती वर्षांनी कोण जाणे, उंबरा ओलांडून आत गेला. आईचे पांढरे केस उशीला घासून घासून गुंतले होते, त्यांच्या गाठी झाल्या होत्या. तो तिच्या उशाशी बसला, बोटांना तेल लावलं आणि एकेक बट सोडवायला लागला. म्हातारीने डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाली, "तू आहेस होय? रोज यायचास, पण हात आज लागला रे, बाबा."

पाटील दिवसभर कामाला गेला नाही.

दुघऱ्याचे केस पुन्हा वाढले, रेशमासारखे झाले. लिंबाखालचा चौथरा तसाच राहिला, फक्त आता दिवेलागणीला तिथे म्हाताऱ्या बसायच्या आणि लेकी-सुना त्यांची डोकी विंचरायच्या. मधोमध दुघऱ्या पडलेला असायचा, आणि येणारा-जाणारा त्याच्यावरून एकदा तरी हात फिरवायचा. ठकूआत्या म्हणायची, "दोन घरचा पाहुणा उपाशी राहिला, ते एक बरं झालं. नाहीतर आमच्या घरी जेवायला कशाला आला असता?" सुभाना आयुष्यभर दोर वळत राहिला, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला खुंटीपाशी त्याचा जीव वाचवणारा बसून राहिला. रोज फणी हातात घेताना सुभाना तेच म्हणायचा, "तुझे उपकार आहेत रे माझ्यावर. चल, कूस बदल."

त्या गावात एक रीत पडली. कोणी कोणाच्या पाया पडलं, फार गुण गायले, तुमचे उपकार फिटायचे नाहीत म्हणालं, की समोरचं माणूस हसून एवढंच विचारायचं, "ते सगळं खरं. फणी फिरवलीस का?"

तात्पर्य: ज्याचे उपकार मानायचे, त्याला नुसते हात जोडू नयेत, मायेने हात लावावा.